ए, बेचाळीस चौदा!

आईवडिलांनी ठेवलेलं नाव माझ्या लायसन्सवर आहे, आधार कार्डावर आहे, गावच्या सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीतही आहे. पण चाकणपासून होसूरपर्यंत एकाही कंपनीच्या गेटवर ते कुणाच्या तोंडून निघालेलं मी ऐकलेलं नाही. तिथे मी ‘बेचाळीस चौदा’. गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे. “ए बेचाळीस चौदा, गाडी मागं घे!” “ए बेचाळीस चौदा, कागद आण!” आधीच्या गाडीवर होतो तेव्हा ‘सात ब्याण्णव’ होतो. शेठने ती विकून ही आणली आणि चाळिशीत माझं दुसऱ्यांदा बारसं झालं. घुगऱ्या तेवढ्या कुणी वाटल्या नाहीत.

कुणी म्हणेल, एवढ्यातेवढ्यावरून काय रुसायचं? रुसत नाही. नावापेक्षा नंबरच बरा, असं हल्ली वाटायला लागलंय. पडणाऱ्या शिव्या निदान नंबराला पडतात.

पुण्याजवळच्या कारखान्यांतून मोटारींचे सुटे भाग भरायचे आणि तमिळनाडूत होसूरला नेऊन उतरवायचे, हा माझा धंदा. येताना मिळेल ते. रस्ता पाठ आहे. खंबाटकी, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर; बंगळूर ओलांडलं की होसूर. नऊशे किलोमीटरच्या आत-बाहेर. भरलेली गाडी, घाट, टोल, गावोगावचे गतिरोधक आणि राँग साइडने छातीवर येणारे ट्रॅक्टर हे सगळं धरून ताशी चाळीसची सरासरी पडली तरी नशीब. म्हणजे स्टिअरिंगवर बावीस-तेवीस तास. आता ई-वे बिलाचा हिशेब बघा. सरकार दर दोनशे किलोमीटरला एक दिवस देतं. आधी शंभरला एक दिवस होता, २०२१ पासून दोनशेला केला. तरी ज्या सरकारच्या नावाने आपण उठता-बसता बोटं मोडतो, ते मला या ट्रिपला पाच दिवस देतं. मोटर कामगारांसाठी १९६१चा एक कायदा होता. तो सांगायचा, दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्याला परवानगी काढून फार तर दहा, आणि सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती. त्याच्या हिशेबाने तीन दिवस. कंपनी म्हणते, छत्तीस तास. ताडपत्री ओढणं, रस्सा आवळणं, जेवण, झोप आणि माणूस म्हणून जे जे करावं लागतं ते सगळं या छत्तीसात धरलंय म्हणतात. कुठे धरलंय ते दाखवत नाहीत.

त्या १९६१च्या कायद्यात एक बहारीची अट होती. पाच किंवा जास्त मोटर कामगार असतील त्याच धंद्याला तो लागू. मग काय व्हायचं ते झालं. आमच्या लाइनीत असे शेठ आहेत की त्यांच्या नावावर चार ड्रायव्हर, वहिनींच्या नावावर चार, धाकट्या भावाच्या नावावर चार. एकाच घरात ट्रान्सपोर्ट कंपन्यांची अशी भरभराट झाली की मधला जावईसुद्धा मालक झाला. पाळण्यातला नातू तेवढा राहिला, कारण त्याला अजून सही येत नाही. पुढे २०२०च्या श्रम संहितेत तो कायदा विरघळला. तो होता तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं आणि गेला तेव्हाही कळलं नाही.

छत्तीस तास पाळले जातात की नाही हे बघायला कंट्रोल रूम. ती गुडगावला आहे म्हणतात. तिथे एक पोरगा बसतो आणि त्याच्या पडद्यावर मी म्हणजे एक हिरवा ठिपका. थांबलो की पिवळा, पंधरा मिनिटं थांबलो की लाल. लाल झालो की फोन. “उस्ताद, गाडी क्यों रुकी?” आता या प्रश्नाचं खरं उत्तर बऱ्याचदा चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. मी झाडाआड उभ्या उभ्या सांगतो, “टायर चेक कर रहा हूँ.” दिवसातून तीन-चारदा टायर बघावे लागतात. आदल्या रात्री ढाब्यावर वाटाण्याची उसळ झाली असेल तर जास्त.

या गाडीत काचेला कॅमेरा लावलाय. त्याचा एक डोळा रस्त्याकडे, दुसरा माझ्याकडे. मोबाइल कानाला लागला की तो कोकलतो आणि गुडगावला चुगली करतो. गोष्ट चांगलीच आहे, चालत्या गाडीत फोन घेऊच नये. अडचण एवढीच की फोन करणारा गुडगावचाच. घेतला तर कॅमेरा पकडतो, नाही घेतला तर ‘ड्रायव्हर फोन उचलत नाही’ असा शेरा. एकाच ऑफिसात, कोण जाणे, कदाचित एकाच टेबलावर, एक माणूस मला फोन लावतो आणि दुसरा तो उचलला म्हणून दंड लावतो. दोघांनी एकदा चहाला बरोबर जावं, एवढीच माझी इच्छा आहे.

जांभईचं खातं आणखी वेगळं. जांभई दिली की ते यंत्र बाईच्या आवाजात, इंग्रजीत, विश्रांती घ्यायला सांगतं. इतक्या मायेने आमच्याशी या धंद्यात दुसरं कुणी बोलत नाही. एकदा त्या बाईंचा मान राखून निपाणीच्या पुढे ढाब्यावर गाडी लावली आणि सीटवर आडवा झालो. पंधरा मिनिटांत फोन. “उस्ताद, गाडी क्यों रुकी?” म्हटलं, तुमच्याच मॅडमनी सांगितलं. तो म्हणाला, “कौन मॅडम?” म्हटलं, हा तुमच्या घरातला मामला, मी कशाला मधे पडू? गाडी चालू केली.

महिनाअखेर आम्हाला गुण मिळतात. जोरात ब्रेक मारला की गुण कापतात. आता हुबळीच्या पुढे रस्त्यात म्हैस आडवी येते. तिला ही गुणपद्धत कुणी समजावलेली नाही. ब्रेक मारला तर माझे गुण जातात. नाही मारला तर आधी म्हैस जाते आणि मग मी जातो, कारण पाच मिनिटांत गाव गोळा होतं. अपघात झाला की ड्रायव्हर पळतो, असं लोक म्हणतात. पळतोच. थांबलेल्या ड्रायव्हरची काय गत होते, हे ज्याने एकदा पाहिलंय तो चपला घालायलाही थांबत नाही. नव्या न्याय संहितेत यासाठी कलम १०६(२) घातलं. माणूस दगावला आणि ड्रायव्हर न कळवता निघून गेला तर दहा वर्षांपर्यंत कैद. त्यावरून २०२४च्या जानेवारीत, नवं वर्ष उजाडताच, देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपांवर अशा रांगा लागल्या की ज्यांनी आयुष्यात ट्रककडे वळून पाहिलं नव्हतं ते टँकर कुठे आहे म्हणून रस्त्याकडे डोळे लावून बसले. टीव्हीवर आम्ही रातोरात ‘अर्थव्यवस्थेचा कणा’ झालो. १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम तेवढं बाजूला ठेवलं गेलं.

पण त्या दोन दिवसांतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. दिल्लीत गृह सचिवांशी बोलणी झाली ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसची. ती वाहतूकदारांची संघटना, म्हणजे गाडीमालकांची. गाड्या उभ्या केल्या आम्ही, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या आम्ही, आणि सरकारसमोरच्या खुर्चीत बसले ते. आमच्यातर्फे भांडणारेही आमचे शेठच. मग शेठविरुद्ध भांडायचं झालं तर जायचं कुणाकडे?

आता होसूर. छत्तीस तासांत, कधी पस्तिसातच, मी गेटवर उभा राहतो. ज्या मालासाठी गुडगाव रात्रभर जागं होतं, ज्याच्यावाचून म्हणे लाइन बंद पडणार होती, तो दारात आलाय म्हटल्यावर कुणी तरी धावत येईल, असं नवख्या ड्रायव्हरला वाटतं. नवख्यालाच. गेटवरचा माणूस वहीतून मान वर न काढता हाताची बोटं दाखवतो. आधी तीन, मग आठ. म्हणजे अडतिसावा नंबर. दिवस शुक्रवार असेल तर बघायलाच नको. शनिवारी अर्धा दिवस, रविवारी सुट्टी, सोमवारी त्यांच्याकडे स्टॉकची मोजदाद.

आणि इथे मात्र ठिपका लाल होत नाही! गेटच्या ठरावीक हद्दीत गाडी शिरली की त्यांच्या यंत्रात ‘पोचली’ अशी नोंद होते आणि कंपनीचं घड्याळ थांबतं. रस्त्यात पंधरा मिनिटं थांबलो तर फोन. गेटवर तीन दिवस थांबलो तर कुणी ‘जेवलास का’ म्हणूनही विचारत नाही. माझ्या वेळेला किंमत आहे ती चाकं फिरताहेत तोवर. ती थांबली की तोच वेळ फुकट. धावताना गाडी कंपनीची असते, उभी राहिली की ड्रायव्हरची. सगळ्या तक्रारींचं मूळ हेच, बाकीचा नुसता पाला. कधी कधी रविवारी मध्यरात्री ई-वे बिलाची मुदत गेटवरच संपते. ती वाढवायला ऑफिसला मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास मिळतात, आणि त्या सोळा तासांत ऑफिस बंद असतं. मग शेठचा फोन येतो. “तू तिथं बसून काय करतोयस?”

थांबल्याचे पैसे मिळत नाहीत असं नाही. हॉल्टिंग नावाची चीज कागदावर आहे. पहिला एखाद-दुसरा दिवस फुकट, पुढे दिवसाला अमुक रुपये. ते कारखान्याने मोठ्या ट्रान्सपोर्टरला द्यायचे, त्याने दलालाला, दलालाने शेठला आणि शेठने मला. झारीत इतके शुक्राचार्य बसलेत की माझ्या ओंजळीत आजवर थेंब पडलेला नाही. माझे पैसे ट्रिपमागे. चाकं फिरली तर. गेटवरच्या तीन दिवसांचा चहा, भात आणि सांबार आपल्या खिशातून. होसूरच्या त्या गेटबाहेरच्या टपरीवाल्याच्या पोराचं इंजिनिअरिंगचं शिक्षण आम्ही ड्रायव्हरांनी पुरं केलंय, आणि आमच्याच हॉल्टिंगमधून केलंय.

नंबर लागला की सेफ्टी. बूट, हेल्मेट, चमचमणारं जाकीट. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, पायावर लोखंडी पेटी पडल्यावर बुटाची किंमत कळते. पण शेठने बूट दिलेले नसतात, आणि गेटवर एक सार्वजनिक जोड असतो. नऊ नंबरचा. पंजाब, बिहार, आंध्र, सगळ्या भारताचे पाय त्यात जाऊन आलेत. आतून बारमाही ओलसर. लेस एकाच बुटाला. माझा पाय सात नंबरचा, म्हणून पुढे तमिळ वर्तमानपत्राचा बोळा कोंबतो. हेल्मेटाचा पट्टा तुटलेला. वर बघितलं की ते मानेवर, खाली बघितलं की नाकावर. हा शृंगार उतरवून पुढच्या ड्रायव्हरला दिल्याशिवाय त्याची गाडी आत येत नाही, त्यामुळे डॉकला गाडी लावायची, चावी जमा करायची, चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा आणि पळत गेटवर जायचं. सेफ्टी बूट घालून पळायचं. पळताना पडला तर त्याची नोंद कुठल्या वहीत करतात, ते मी विचारलेलं नाही.

ड्रायव्हरांसाठी वेगळी मुतारी आहे, असा तिथे बोर्ड आहे. बोर्डावरचा बाण कंपाउंडच्या भिंतीकडे बघतो. भिंतीवर लिहिलंय, येथे लघवी करू नये.

जुने ड्रायव्हर म्हणतात, पूर्वी नाक्यानाक्यावर थांबावं लागायचं. ते खरं. २०१७च्या जुलैत जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे कराचे चेकनाके उठले, मुंबईची जकात गेली. २०२१च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला, टोलच्या रांगा आटल्या. मंत्र्यांनी सांगितलं, ट्रकचे तास वाचले. वाचलेच. पण ते गेले कुठे? कंपनीने लगेच पोचायची वेळ आवळली आणि हात आखडून वाचवलेले तास गेटवर मोकळ्या हाताने उधळले. जकात नाक्यावर निदान गरम भजी मिळायची आणि सरकारला मनसोक्त शिव्या घालता यायच्या. कंपनीच्या गेटवर शिवी दिली तर गाडी काळ्या यादीत. सरकारचा मला इतका पुळका येईल असं कधी वाटलं नव्हतं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून कारखान्यातून निघणाऱ्या नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. ज्यांनी उमेदीत कारखान्यातून नुसत्या चासी बॉडी बांधायला नेल्या, वर टप नाही, बाजूला दार नाही, डोळ्याला गॉगल आणि तोंडाला मफलर, त्या ड्रायव्हरांना हे ऐकून हसू येतं. आमची गाडी जुनी, तिला हे भाग्य नाही. ज्या दोस्ताला नवी मिळाली तो कळंबोलीला भेटला. चेहऱ्यावर घाम तोच. म्हणाला, डिझेलचं ॲव्हरेज शेठने जुनंच ठेवलंय. एसी लावला की डिझेल वाढतं, वाढलं की पगारातून जातं. म्हणजे काचा वर करून गार बसायचं, की काचा खाली करून पुरा पगार घ्यायचा, हे सरकारने ड्रायव्हरच्या मर्जीवर सोडलंय.

जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना असतो. टोलनाक्याजवळ मांडव, आम्हाला गुलाबाचं फूल, टोपी, बिस्किटचा पुडा, डोळे तपासणी. तिथले डॉक्टर सज्जन होते. म्हणाले, झोप पुरेशी घेत चला. मग बॅनरसमोर फोटो. फोटोवाल्याने ‘जरा हसा’ म्हटलं तेवढ्यात ठिपका लाल झाला आणि फोन वाजला.

सगळ्यांनाच आमची कदर नाही असंही नाही. गुडगावच्याच रिव्हिगो नावाच्या कंपनीने वेगळा घाट घातला होता. ड्रायव्हरने चार-पाच तास गाडी चालवायची, पुढच्या ठाण्यावर दुसऱ्याच्या हवाली करायची आणि उलट दिशेची गाडी घेऊन माघारी यायचं. म्हणजे ड्रायव्हर रोज घरी! २०२२ मध्ये तिचा एक्सप्रेस मालाचा धंदा महिंद्र लॉजिस्टिक्सने विकत घेतला. ड्रायव्हरला माणसासारखं वागवून माल पोचवता येतो, हे त्यांनी दाखवलं. ते परवडवून दाखवायचं राहिलं. मी हे सगळं मोठ्या कौतुकाने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “रोज घरी? कशाला?”

शेठची बाजू सांगितली नाही तर लेख एकतर्फी होईल, आणि शेठ तो वाचणारच नाही असं धरून चालणं धोक्याचं. त्याचंही नाक दाबलेलं असतं. गाडीचा हप्ता महिन्याच्या महिन्याला जातो आणि भाड्याची बाकी पोच जमा केल्यावर दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते. पोच म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची बिल्टी. ती हरवली, भिजली, नाही तर तिच्यावर ‘एक पेटी दबलेली’ असा शेरा आला, की बाकी लटकली आणि पेटीची भरपाई माझ्या हिशेबात. पेटी चाकणलाच दबलेली होती, हे तिथे कुणी लिहून देत नाही. दबलेली पेटी आपोआप ड्रायव्हरची होते.

आणि एवढं जीपीएस झालं, दोन डोळ्यांचा कॅमेरा झाला, फास्टॅग झाला, जांभया मोजणाऱ्या मॅडम आल्या, तरी शेवटी माझा नंबर अडतो तो एका रबरी शिक्क्यापाशी. माल उतरलेला असतो, मोजलेला असतो, गाडी रिकामी असते, परतीचं भाडं बंगळूरला वाट बघत असतं. शिक्का ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरला कुलूप. किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब जेवायला. दोनला येतो म्हणून बाराला गेलेले.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. शेठ लोकांना आणि गुडगावला सांगून उपयोग नाही, ते फोनवर असतात. पण तुमच्यात कुणी स्टोअरमध्ये असेल, कुणी गोडाऊनवर असेल, कुणाचा मेहुणा डिस्पॅचला असेल. जेवायला जाताना शिक्का टेबलावर ठेवून जा.